काही सुचेनासं झालं की आधी काय करायचं

मार्चमधली सकाळ. दुधाची पिशवी हातात धरून मी फ्रिजपुढे उभी होते. पिशवी आत ठेवायला आले होते की तापवायला बाहेर काढली होती, काही केल्या आठवेना. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजलं नव्हतं. लेकीचा दहावीचा भूमितीचा पेपर होता आणि ती दारात उभी राहून विचारत होती, "आई, माझी कंपासपेटी कुठाय?" आतून सासूबाई हाक मारत होत्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन एकट्याने उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि त्यांना बाथरूमला जायचं होतं. ओट्यावर फोन थरथरत होता. टँकरचे पैसे कोणी किती द्यायचे यावरून सोसायटीच्या ग्रुपवर जुंपली होती. मी लेकीवर ओरडले. कंपासपेटीवरून, पेपरच्या दिवशी. मग पिशवी ओट्यावर टाकली आणि तिथेच फरशीवर बसले.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. काहीच आलं नाही, डोकं नुसतं भणभणत होतं.

काम जास्त होतं हे खरंच. मी ठाण्याला एका लहान कंपनीत अकाउंट्स बघते, डोंबिवलीहून लोकलने ये-जा. मार्च म्हणजे १५ तारखेला ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, २० ला जीएसटीचं रिटर्न, ३१ ला वर्ष बंद. पण मार्च काही मला नवा नाही. वीस वर्षं दर मार्चला मी बारा-बारा तास बसते आणि दमते. दमलेलं माणूस झोपलं की उठतं. ते दुधाच्या पिशवीचं प्रकरण वेगळं होतं, झोपून जाणारं नव्हतं.

हिशेबात एक सस्पेन्स खातं असतं. बँकेत पैसे आले पण कोणाचे ते कळत नाही, तर ती रक्कम तात्पुरती सस्पेन्सला टाकायची, चौकशी झाली की योग्य खात्यात वळवायची. त्यात चार-पाच नोंदी असल्या तर कोणाचं काही अडत नाही. चाळीस साठल्या की ताळेबंदाकडे बघवत नाही, कारण एकही आकडा खरा वाटत नाही. माझ्या डोक्याचं तेच झालं होतं. कामं होती त्यापेक्षा जास्त त्रास होता तो कामांचं काय करायचं हे न ठरल्याचा. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जे करून पाहिलं आणि उपयोगी पडलं ते क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. मी आधी उलटा करून पाहिला होता आणि तोंडावर पडले होते.

पहिली दहा मिनिटं: काहीही ठरवायचं नाही

जीव घाबरा झालेला असताना आपण हमखास मोठे निर्णय घेतो. नोकरी सोडते, क्लास बंद करते, उद्यापासून पहाटे चारला उठते. यातला एकही निर्णय त्या दहा मिनिटांत घ्यायचा नाही. जे पेटलेलं आहे ते बंद करा, म्हणजे गॅस. ज्याला खरंच लगेच हवं आहे त्याचं करा, म्हणजे सासूबाईंची बाथरूम. बाकी सगळ्यांना एकच वाक्य: "दहा मिनिटांनी सांगते."

मग बसा. पाय जमिनीला टेकलेले, पाठ भिंतीला. नाकाने मनात चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. आकडे काही मंत्र नाहीत. बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे, एवढंच. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. खोटं वाटत असेल तर मनगटावर बोटं ठेवून बघा, नाडी आत घेताना जरा घाई करते आणि सोडताना सैल पडते. सात-आठ वेळा केलं की जबडा किती आवळून धरला होता ते लक्षात येतं. मला खांदे कानांपर्यंत आलेले सापडले.

त्यानंतर खा. मी त्या सकाळी साडेपाचपासून दोन कप चहावर होते. अशा वेळी तत्त्वज्ञानाचा काही उपयोग नसतो. वाटीभर दहीभात, नाहीतर गूळ-शेंगदाणे, आणि तांब्याभर पाणी. झोप किती झाली तेही मोजा. सलग चार रात्री पाच तास झोपलेल्या माणसाला आयुष्य अवघड वाटतं यात नवल नाही, आणि त्यावर यादी हा उपाय नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छातीत दुखणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, बसल्या जागी दम लागणं, असं काही असेल तर "टेन्शन आहे" म्हणून श्वास मोजत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. बायकांच्या बाबतीत हे "ॲसिडिटी असेल" म्हणून टाळलं जातं, स्वतः बायकांकडूनच.

सगळं कागदावर ओता

त्याच दिवशी दुपारी, लेकीला पेपरला सोडून आल्यावर, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली होती त्यात हे केलं. लागतं काय, तर पाठकोरे कागद, पेन आणि वीस-पंचवीस मिनिटं. फोनवर करू नका. फोन उघडला की टँकर समोर येतो.

डोक्यात जे येईल ते लिहायचं, एका ओळीत एक. क्रम नको, रकाने नकोत, सुवाच्य अक्षर नको. क्षुल्लक वाटलं तरी लिहायचं, कारण क्षुल्लक गोष्टी रात्री दोनला उठवतात. माझ्या कागदावर "मेडिक्लेमचे कागद" आणि "३१ मार्च" यांच्या शेजारी "बेडरूमचा पंखा कुरकुरतो" होतं, "मावशींचा पगार वाढवायचा", "लेकीच्या केसांत कोंडा", "चैत्रगौर?" आणि "वन्सं त्या दिवशी असं का म्हणाल्या" हेही होतं. दहा मिनिटांनी वाटतं, संपलं. संपलेलं नसतं. उठून घरातून एक फेरी मारा, प्रत्येक खोलीत दोन मिनिटं उभं राहा. वस्तू बोलायला लागतात: गळका नळ, न भरलेलं बिल, परत द्यायचा डबा. माझ्या यादीत तेराव्या मिनिटापर्यंत २६ ओळी होत्या, फेरीनंतर ४३ झाल्या.

४३ हा आकडा बघून धडकी भरेल असं वाटलं होतं. उलट झालं. तोवर तो आकडा अनंत होता.

यामागे थोडं शास्त्रही आहे. ब्लूमा झाइगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ साली मांडलं की पुरी झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. नंतर सगळ्यांनाच तसं आढळलं असं नाही. मला जास्त कामाचा वाटला तो २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी केलेला अभ्यास: अर्धवट राहिलेलं काम मध्ये मध्ये डोक्यात येऊन त्रास देतं, पण ते कधी, कुठे, कसं करायचं एवढं नेमकं ठरवलं की काम न करताही तो त्रास कमी होतो. म्हणजे डोक्याला काम संपलेलं हवं असतं असं नाही, त्याची नोंद कुठेतरी नीट झालेली हवी असते. कुठल्याही अकाउंटंटला हे पटेल.

"आईंचं बघायचं" हे काम नव्हे

बहुतेक जण यादी करतात आणि तरी त्यांचं डोकं हलकं होत नाही, ते इथे अडकतात म्हणून. माझ्या पहिल्या कागदावर एक ओळ होती: "आईंचं बघायचं." तीन दिवस ती ओळ नुसती माझ्याकडे बघत होती. मी तिच्यावरून नजर फिरवायची आणि भाजी आणायला जायची, कारण भाजी आणणं मला येतं.

"आईंचं बघायचं" हे एक गाठोडं आहे. ते सोडलं तेव्हा आत काय निघालं बघा. फिजिओथेरपिस्ट सकाळी अकराला येतात, मी ऑफिसात असते, तर त्यांना फोन करून संध्याकाळी साडेसातची वेळ मागायची. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची, त्यासाठी कोपऱ्यावरच्या प्लंबरला विचारायचं. हॉस्पिटलने डिस्चार्ज समरीवर आईंचं वय चुकीचं लिहिलंय, ते दुरुस्त करून शिक्का मारून आणायचं; त्याशिवाय मेडिक्लेम पुढे सरकणार नाही आणि आमच्या पॉलिसीत कागद द्यायची मुदत डिस्चार्जपासून ३० दिवस. दुपारी बारा ते सहा घरात कोण, हा प्रश्न. आणि अगदी तळाशी, आई पुन्हा पूर्वीसारख्या चालतील का, ही धास्ती.

पाचांतल्या तीन गोष्टी फोनने नाहीतर एखाद्या फेरीत होणाऱ्या होत्या. एक प्रश्न घरातल्यांशी बोलून सोडवायचा होता. आणि शेवटची ओळ काम नव्हतीच.

गाठोडं सोडायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक ओळीला विचारा: हे उद्या सकाळी करायचं झालं तर माझे हात पहिलं काय करतील? फोन उचलतील, ड्रॉवर उघडतील, की रिक्षाला हात करतील? हातांना करण्यासारखं काही दिसत नसेल तर ओळ अजून गाठोडंच आहे. "लेकीच्या ॲडमिशनचं" हे गाठोडं. "शेजारच्या काकूंना विचारायचं, त्यांच्या मुलाने अकरावीच्या फॉर्मला कोणकोणते दाखले लावले" हे काम. "वजन कमी करायचं" या ओळीबद्दल मी काही बोलणार नाही, ती मी खोडली.

सगळ्या ४३ ओळींचं एका बैठकीत असं करायला जाऊ नका. ज्या सात-आठ ओळींकडे बघायला जिवावर येतं त्यांचंच करा. जिवावर येतं म्हणजे आत गाठोडं आहे, हा खात्रीचा नियम.

चाळणी

आता कागदाच्या कडेला खुणा करायच्या. मी पाच कप्पे केले. या आठवड्यात तारीख असलेली: ७. दुसरं कोणी करू शकेल अशी: ११. थांबली तरी चालतील अशी: १०. करायचीच नाहीत अशी: ९. आणि जी कामं नव्हेतच, नुसत्या काळज्या: ६.

तारीख म्हणजे बाहेरून आलेली तारीख: टॅक्सची, परीक्षेची, डॉक्टरांची, मुदत संपण्याची. "मला वाटतं लवकर व्हावं" ही तारीख नव्हे. सात हा आकडा बघून मी परत मोजले. महिनाभर ज्याच्याखाली मी दबले होते त्यात खरोखर पेटलेली कामं सात होती.

"करायचीच नाहीत" हा कप्पा भरायला सगळ्यात जड जातो. ऑफिसात वसूल न होणारी रक्कम आम्ही राइट ऑफ करतो. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, पण दर महिन्याला त्या नावापुढे येऊन थबकणं थांबतं. घरात राइट ऑफ म्हणजे कोणाला तरी वाईट वाटेल असं आपण गृहीत धरतो, आणि मग ते काम वर्षानुवर्षं उघडं ठेवतो. मी चैत्रातलं हळदीकुंकू त्या कप्प्यात टाकलं. आंब्याची डाळ, पन्हं, चाळीस बायका, भिजवलेले हरभरे, गौरीपुढची आरास. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून घरात चालत आलेलं. त्यांना सांगायला जाताना मी मनात चार वेळा वाक्य घोकलं. "आई, यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू नको करूया. गौर बसवू, डाळ आपल्यापुरती करू."

माळेचा मणी सरकवत त्या म्हणाल्या, "अगं, मी तर कधीची म्हणत्येय बंद करावं. तुला हौस आहे म्हणून गप्प बसले."

दहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींसाठी ते करत होतो.

काळज्यांच्या सहा ओळींचं काय करायचं? त्या वेगळ्या कागदावर उतरवल्या आणि दिवसाला पंधरा मिनिटं त्यांना दिली, संध्याकाळी लोकलमध्ये. डोंबिवलीपर्यंत. दिवसा काळजी डोकावली की तिला सांगायचं, संध्याकाळी ये. हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण संध्याकाळपर्यंत सहांतल्या दोन-तीन तरी येईनाशा होतात, आणि ज्या येतात त्यांतून कधी कधी एखादं खरं काम निघतं. "आई चालतील का" यातून "पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे" निघालं. "वन्सं असं का म्हणाल्या" यातून काहीही निघालं नाही.

मदत नको, जबाबदारी द्या

"दुसरं कोणी करू शकेल" या ११ ओळी दुसऱ्याला देणं हा या सगळ्यातला खरा अवघड भाग. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याचं वाक्य असतं, "मला सांग ना काय करायचं, मी करतो." अनेक वर्षं मला त्या वाक्याचा राग यायचा आणि का येतो ते कळायचं नाही. आता कळलं: सांगणं हेच काम आहे. काय संपलंय ते बघणं, कधी लागेल ते ओळखणं, आठवण ठेवणं, आठवण करून देणं, झालं का ते तपासणं. हे सगळं माझ्याकडे आणि फक्त दुकानात जाणं त्याच्याकडे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आलंय की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बाई त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, पुरुष ८८. ही हातांच्या कामाची मिनिटं. लोकलच्या खिडकीत बसून "उद्या डब्याला काय" ठरवण्याची मिनिटं यात आलेली नाहीत.

म्हणून तुकडा देऊ नका, अख्खं खातं द्या. मी नवऱ्याला मेडिक्लेम दिला. "कागद नेऊन दे" असं नाही, तर: "मेडिक्लेम आजपासून तुझा. फाइल ही. मुदत डिस्चार्जपासून ३० दिवस. डिस्चार्ज समरीवर वय चुकलंय. मी विचारणार नाही, तूही मला विचारू नकोस, अडलं तर एजंटला फोन कर." आणि मग सगळ्यात कठीण गोष्ट करायची, ती म्हणजे गप्प बसायचं. त्याने औषधांचं एक मूळ बिल लावलंच नाही. कंपनीकडून क्वेरी आली. ते बिल कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. मी जीभ चावून भाकरी थापत राहिले. त्याने शोधलं, आठ दिवसांनी पाठवलं. पैसे उशिरा आले, पण आले. त्यानंतर त्या फाइलचा विचार माझ्या मनात आलेला नाही.

नातेवाइकांच्या बाबतीत अडचण उलटी असते. सगळे म्हणतात, "काही लागलं तर सांग हं." आपण म्हणतो, "हो, नक्की," आणि कोणीच कोणाला काही सांगत नाही. त्यांना खरंच मदत करायची असते, पण काय ते सुचत नाही. नेमकं मागा. काम, वार, वेळ, आणि कधी संपणार ते. नाशिकच्या नणंदेला मी फोन केला: "ताई, लेकीचे पेपर संपेपर्यंत दोन शनिवार-रविवार आईंजवळ येऊन राहाल का? शनिवारी सकाळी येऊन रविवारी संध्याकाळी निघालात तरी चालेल." त्या एकाच शनिवारी आल्या, दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे पाहुणे होते. पण त्या एका रविवारी मी दुपारी अडीच तास झोपले. ("असं का म्हणाल्या" वाल्या नणंद ह्याच. प्रत्यक्ष भेटल्यावर ते विचारायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.)

ऑफिसात सूर वेगळा लागतो. "सर, मला खूप लोड आहे" म्हटलं की सर सांगतात, सगळ्यांनाच आहे. मी असं म्हटलं: "सर, जीएसटी आणि पगार वेळेत होतील. डेटर्सचं रिकन्सिलिएशन आणि नवीन फॉरमॅटमधला रिपोर्ट, दोन्ही याच महिन्यात होणार नाहीत. यातलं आधी कुठलं हवं?" त्यांनी रिपोर्ट एप्रिलवर ढकलला. दोन मिनिटांत. निवड त्यांच्याकडे दिली की नकार द्यावा लागत नाही. सगळेच साहेब इतके सरळ नसतात हेही माहीत आहे. तिथे हेच वाक्य मेलवर लिहून ठेवा, निदान नंतर "आधी का नाही सांगितलं" ऐकावं लागत नाही.

आणि साधा नकार द्यायचा असेल तर तो लहान ठेवा. "यंदा नाही जमणार." बस. आपण कारणं द्यायला लागलो की समोरचा माणूस एकेक कारण सोडवून देतो. "गाडी नाही" म्हटलं की "मी न्यायला येतो" आलंच.

रोजचं, थोडक्यात

रात्री झोपण्यापूर्वी उद्याची तीन कामं कागदावर. तीनच. स्वयंपाक, डबे, प्रवास हे त्यात धरायचं नाही, ते होतंच. तीन झाली आणि वेळ उरला तर चौथं घ्या, नाहीतर घेऊ नका.

आठवड्याच्या भाज्या ठरवून टाका. आमच्याकडे सोमवारी उसळ, गुरुवारी पालेभाजी, शनिवारी खिचडी असा कागद फ्रिजवर आहे. लेक म्हणते हॉस्टेल झालंय. असू दे. आठवड्यातून दोन दिवस पोळ्या पोळीभाजी केंद्रातून येतात. डोंबिवलीत राहून पोळ्यांसाठी जीव काढायला काही अर्थ नाही.

सोसायटीचा ग्रुप म्यूट करून दिवसातून दोनदा बघा. ग्रुप सोडू नका, त्यावर वेगळी मीटिंग होते.

आणि दर रविवारी चहा पिताना पंधरा मिनिटं कागदावरून नजर. नवीन ओळी लिहायच्या, झालेल्या खोडायच्या, गाठोडी दिसली तर सोडायची. एखादा रविवार चुकला तर चुकला. मी तीन सलग चुकवले तेव्हा दुधाची पिशवी पुन्हा भेटायला आली, या वेळी तिच्या जागी चावी होती.

कागद पुरत नाही तेव्हा

काही ओझी यादीने हलकी होत नाहीत. कर्ज फेडायला पगार पुरत नसेल, घरात मारहाण होत असेल, एखादं न बरं होणारं आजारपण असेल, तर प्रश्न कामांच्या मांडणीचा नाही, आणि "मीच नीट मॅनेज करत नाही" असं स्वतःला म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे पैशांचा, कायद्याचा, माणसांचा आधार लागतो.

शरीरही एकदा तपासून घ्या. सतत थकवा, विसराळूपणा, चिडचिड, धाप यांच्यामागे रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता अशी साधी कारणं असू शकतात, आणि चाळिशीनंतर पाळी जायच्या आधीच्या काळातही असं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. म्हणजे मी ज्याला स्वभाव समजत होते त्यातला काही भाग लोहाच्या गोळ्यांनी सुधारला.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन उदास राहत असेल, आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव ऐकून घरात चलबिचल होते, म्हणून आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांशी बोललात तरी चालेल. आणि आपण नसलेलं बरं असं मनात यायला लागलं असेल तर थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यासाठी फार मोठं काही झालेलं असावं लागत नाही. काही सुचत नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

सासूबाई मे महिन्यात वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत यायला लागल्या. आल्या आल्या त्यांनी फ्रिजवरचा भाज्यांचा कागद वाचला, गुरुवारवर बोट ठेवलं, आणि मेथी निवडायला मागून घेतली. हळू निवडतात. जुडीला पाऊण तास लागतो. मी बुधवारी रात्रीच देऊन ठेवते.

बेडरूमचा पंखा अजून कुरकुरतो. तो राइट ऑफ केलाय.